पुश्काश, फेरेंत्स

(एप्रिल १९२७ – १७ नोव्हेंबर २००६). विख्यात हंगेरियन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. विसाव्या शतकातील श्रेष्ठ गोलकर्त्यांमध्ये त्याची गणना होते. त्याच्या क्रीडाजीवनाचे दोन सरळ भाग पडतात. पहिला, १९५६ पर्यंतचा, बूडापेस्टच्या होन्वेद संघात व हंगेरीच्या राष्ट्रीय संघात. दुसरा, १९५८ ते १९६६ या काळातील, स्पेनच्या रेआल माद्रिद या व्यावसायिक संघात. या दोहोंमध्ये सु. दीड वर्षाचा सक्तीच्या विश्रांतीचा काळ आहे. एकाच खेळाडूने दोन सर्वस्वी भिन्न राज्यव्यवस्थांत, दोन वेगवेगळ्या नियमांखाली आणि वयाच्या तिशीनंतर पुन्हा आरंभ करून सर्वोच्च यश मिळविल्याचे असे उदाहरण विरळा. परदेशी संघातून खेळण्याचा खेळाडूचा हक्क त्या काळात किती मर्यादित होता, हेही त्याच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

त्याचा जन्म बूडापेस्ट येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव पुर्त्सेल्ड हे जर्मन वळणाचे होते; १९३७ च्या सुमारास ते बदलून पुश्काश असे हंगेरियन आडनाव घेण्यात आले. हंगेरियन भाषेत त्याचा अर्थ ‘बंदूकधारी’ असा होतो. शहराच्या आग्नेयेकडील किश्पेश्त या कामगार वस्तीत त्याचे बालपण गेले. वडील स्थानिक किश्पेश्त संघाचे खेळाडू व पुढे प्रशिक्षक होते. शेजारी राहणारा योझेफ बोझिक हा त्याचा बालमित्र. हे दोघे मोकळ्या मैदानावर चिंध्यांच्या चेंडूने खेळत वाढले आणि पुढे हंगेरीच्या संघातही बरोबरीने खेळले. नोंदणीसाठी आवश्यक असलेले वय पूर्ण होण्यापूर्वीच पुश्काशने मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने किश्पेश्तच्या बालसंघात प्रवेश मिळविला होता. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो प्रौढांच्या संघातून खेळू लागला. २० ऑगस्ट १९४५ रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध त्याने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला व त्यात गोलही केला. १९४७-४८ च्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत त्याने ५० गोल केले. घरच्या व मित्रमंडळींच्या तोंडी असलेले ‘अचि’ (धाकटा भाऊ) हे त्याचे टोपणनाव साऱ्या देशाने उचलले.

हंगेरीत व्यावसायिक फुटबॉल १९२६ पासून रूढ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवट आली, तेव्हा मोठे संघ निरनिराळ्या शासकीय खात्यांकडे सोपविण्यात आले आणि व्यावसायिकता अधिकृतपणे संपुष्टात आली. १९४९ मध्ये किश्पेश्त संघ लष्कराकडे गेला व त्याचे ‘होन्वेद’ (देशरक्षक) असे नामकरण झाले. खेळाडूंना सैन्यातील हुद्दे मिळाले. पुश्काश बढती मिळत मिळत मेजर झाला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्याला ‘दौडता मेजर’ ही उपाधी दिली. प्रत्यक्षात त्याचे काम फुटबॉल खेळणे एवढेच होते. कागदोपत्री हौशी, वस्तुतः राज्याचा पगारी खेळाडू, अशी ही दुहेरी स्थिती होती. तिचे लाभही होते : सक्तीच्या लष्करी सेवेच्या निमित्ताने देशातील उत्तमोत्तम खेळाडू होन्वेदमध्ये आणता येत आणि राष्ट्रीय संघाचा बहुतांश भाग वर्षभर एकत्र खेळे. शांदोर कोचिश, झोल्तान त्सिबोर, गोलरक्षक द्युला ग्रोसिच हे याच मार्गाने होन्वेदमध्ये आले. १९४९-५० ते १९५५ या काळात होन्वेदने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. खेळाडूला देश सोडण्याची मुभा नव्हती. उयपेश्त संघाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू शांदोर स्यूच हा पळून जाण्याच्या प्रयत्नात पकडला गेला व १९५१ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. पुश्काशच्या पिढीतील प्रत्येक खेळाडूला ही घटना ठाऊक होती.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक गुस्ताव शेबेश याने या खेळाडूंतून एक अभिनव संघरचना उभी केली. तत्कालीन रूढ पद्धतीत मध्य आघाडीचा खेळाडू सर्वांत पुढे राही व प्रतिस्पर्धी संघाचा मधला बचावपटू त्याच्यावर पाळत ठेवी. हंगेरीचा नांदोर हिदेग्कुती हा मात्र मध्य आघाडीचा क्रमांक धारण करूनही मागे सरून खेळे. बचावपटू त्याच्यामागे गेला, तर मध्यभागी खिंडार पडे. जागेवर थांबला, तर हिदेग्कुती मोकळा राही. या खिंडारातून पुश्काश व कोचिश हे दोघे पुढे घुसत. पुश्काश ‘इनसाइड लेफ्ट’ म्हणजे मध्य आघाडीच्या डावीकडील जागी खेळे. गोलांची मुख्य जबाबदारी त्याच्यावर व कोचिशवर असे आणि पुश्काश हा संघाचा कर्णधारही होता.

मे १९५० मध्ये ऑस्ट्रियाकडून झालेल्या पराभवानंतर हा संघ चार वर्षांहून अधिक काळ अजिंक्य राहिला. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात त्याने यूगोस्लाव्हियाचा २–० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. पुश्काशने त्यात एक गोल केला व एक पेनल्टी गमावली. याच यूगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेत भारताला १०–१ असे हरविले होते, यावरून अंतिम फेरीतील दोन्ही संघांच्या दर्जाची कल्पना भारतीय वाचकास येऊ शकेल. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६–३ असे नमविले. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा स्वतःच्या भूमीवर झालेला हा पहिलाच पराभव. हिदेग्कुतीने तीन, पुश्काशने दोन व बोझिकने एक गोल केला. पुश्काशचा पहिला गोल विशेष गाजला. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट चेंडू हिसकावण्यासाठी झेपावला, त्याच क्षणी पुश्काशने डाव्या बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला. राइट चेंडूवाचून पुढे निघून गेला आणि पुश्काशने जवळच्या खांबालगत चेंडू जाळ्यात धाडला. मे १९५४ मध्ये बूडापेस्ट येथील परतीच्या सामन्यात हंगेरीने ७–१ असा विजय मिळविला. इंग्लंडमधील प्रशिक्षणपद्धतीचा फेरविचार या दोन सामन्यांनंतर सुरू झाला.

१९५४ ची विश्वकरंडक स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये झाली. गटसामन्यांत हंगेरीने दक्षिण कोरियाला ९–० व पश्चिम जर्मनीला ८–३ असे हरविले. मात्र दुसऱ्या सामन्यात पुश्काशच्या घोट्याला जबर दुखापत झाली व पुढील दोन सामन्यांना तो मुकला. ४ जुलै रोजी बर्न येथे अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीशीच गाठ पडली. दुखापत पूर्ण बरी झालेली नसतानाही पुश्काश खेळला आणि सहाव्या मिनिटाला त्याने गोल केला. पाठोपाठ त्सिबोरने दुसरा. परंतु दहा मिनिटांत जर्मनीने बरोबरी साधली व अखेरच्या टप्प्यात हेल्मूट रानने विजयी गोल केला. सामना संपण्याच्या सुमारास पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला होता. तथापि रेषापंचाच्या निशाणीवरून तो ऑफसाइड ठरविण्यात आला. हंगेरीचा ३–२ असा पराभव झाला. बूडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले व संतप्त निदर्शने झाली. हंगेरीकडून पुश्काशने एकूण ८५ सामन्यांत ८४ गोल केले. यूरोपीय खेळाडूंमधील हा उच्चांक क्रिस्तियानो रोनाल्दोने २०१८ मध्ये मोडीपर्यंत अबाधित होता.

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी हंगेरीत राजवटीविरुद्ध उठाव झाला. यूरोपीय चषक स्पर्धेत होन्वेदचा सामना स्पेनच्या अथ्लेटिक बिल्बाओ संघाशी ठरलेला होता. नोव्हेंबरच्या प्रारंभी संघ देशाबाहेर पडला आणि ४ नोव्हेंबरपासून सोव्हिएट फौजांनी उठाव चिरडून टाकला. या गोंधळात पुश्काश मारला गेल्याचे वृत्त पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून पसरले होते. २२ नोव्हेंबर रोजी होन्वेद बिल्बाओ येथे २–३ असा हरला. परतीचा सामना बूडापेस्टमध्ये घेणे अशक्य असल्याने तो २० डिसेंबर रोजी ब्रूसेल्स येथे खेळविण्यात आला. त्यात होन्वेदचा गोलरक्षक जखमी झाला. बदली खेळाडूची तरतूद त्या काळी नसल्याने त्सिबोरला गोलात उभे राहावे लागले. सामना ३–३ असा बरोबरीत सुटून होन्वेद स्पर्धेतून बाद झाला. दरम्यान खेळाडूंची कुटुंबे ऑस्ट्रियात येऊन पोहोचली. पुश्काशची पत्नी व लहान मुलगीही सरहद्द ओलांडून आल्या. त्या काही महिन्यांत सु. दोन लाख लोकांनी हंगेरी सोडली.

हंगेरियन संघटनेने संघाला परत येण्याचा आदेश दिला. तो न जुमानता १९५७ च्या आरंभी संघाने ब्राझीलचा दौरा केला व फ्लामेंगो, बोटाफोगो या संघांशी सामने खेळले. दौऱ्यानंतर व्हिएन्नामध्ये संघ फुटला. बोझिकसह बहुतेक जण मायदेशी परतले. पुश्काश, कोचिश व त्सिबोर यांनी परतण्यास नकार दिला. ज्या दोन मित्रांनी एकाच गल्लीत खेळास आरंभ केला, त्यांचे मार्ग येथे वेगळे झाले. बोझिक हंगेरीत राहून १९६२ पर्यंत राष्ट्रीय संघात खेळला. पुश्काश मात्र मेजर असल्यामुळे त्याच्यावर सैन्यातून पळून गेल्याचा ठपका आला.

देश सोडला म्हणजे खेळण्याचे स्वातंत्र्य मिळाले, असे नव्हते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) नियमांनुसार दुसऱ्या देशातील संघात नोंदणी होण्यासाठी पहिल्या देशाच्या संघटनेची संमती आवश्यक असे. राजकीय निर्वासितास ही संमती मिळणे शक्यच नव्हते. उलट हंगेरियन संघटनेच्या तक्रारीवरून फिफाने त्याच्यावर खेळबंदी लादली. राज्यसत्तेची मर्जी अशा रीतीने क्रीडासंघटनेच्या नियमांमार्फत सरहद्दीपलीकडेही लागू होई. व्हिएन्ना व पुढे इटली येथे पुश्काशने हा काळ काढला. सराव सुटला, वजन वाढले. वयाची तिशी उलटलेल्या व बेढब दिसणाऱ्या या खेळाडूस करारबद्ध करण्यास इटलीतील संघ धजावेनात.

होन्वेदचा पूर्वीचा व्यवस्थापक एमिल ओस्टरायखर हा तोवर रेआल माद्रिदच्या सेवेत दाखल झाला होता. त्याच्या शिफारशीवरून संघाचा अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेउ याने १९५८ मध्ये पुश्काशला करारबद्ध केले. साम्यवादी हुकूमशाहीतून निसटलेला हा खेळाडू फ्रँकोच्या हुकूमशाहीखालील स्पेनमध्ये स्थिरावला, हा त्या काळाचा एक विरोधाभास होय. स्पेनमध्ये मात्र तो उघडपणे व्यावसायिक खेळाडू होता. त्याचा पगार व त्याचे स्थान त्याने केलेल्या गोलांवर अवलंबून होते. रेआल माद्रिद त्या वेळी सलग तीन वर्षे यूरोपीय विजेता होता आणि मूळचा अर्जेंटिनाचा आल्फ्रेदो दी स्तेफानो हा त्या संघाचा सर्वेसर्वा होता. कष्टपूर्वक वजन घटवून पुश्काश मैदानात उतरला आणि दुसऱ्याच साखळी सामन्यात स्पोर्टिंग हिहोनविरुद्ध त्याने तीन गोल केले. हंगेरीत कर्णधार असलेल्या पुश्काशने येथे दी स्तेफानोचे नेतृत्व निमूटपणे मान्य केले. मैदानभर संचार करून डाव रचणारा दी स्तेफानो आणि गोलक्षेत्राच्या आसपास अचूक वेळी उपस्थित राहणारा पुश्काश, अशी ही परस्परपूरक जोडी जमली. स्पॅनिश प्रेक्षक त्याला ‘पांचो’ किंवा, त्याच्या फटकाऱ्याच्या जोरावरून, ‘छोटी तोफ’ म्हणू लागले.

१९५८-५९ च्या यूरोपीय चषक स्पर्धेत उपांत्य फेरीचा निर्णायक सामना सारागोसा येथे अत्लेतिको माद्रिदविरुद्ध झाला व तो पुश्काशच्या गोलावर जिंकला गेला. अंतिम सामन्यास मात्र दुखापतीमुळे तो मुकला. १८ मे १९६० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क मैदानावर, सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, रेआलने पश्चिम जर्मनीच्या आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट संघाचा ७–३ असा पराभव केला. पहिला गोल फ्रँकफुर्टने केला. त्यानंतरचे सातही गोल दोघांचेच होते : पुश्काशचे चार व दी स्तेफानोचे तीन. यूरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात चार गोल करणारा पुश्काश हा एकमेव खेळाडू होय. या सामन्याला एक पूर्वपीठिका होती. १९५४ च्या जर्मन संघाने उत्तेजक द्रव्ये घेतल्याचा आरोप पुश्काशने केला होता आणि तो खेळत असलेल्या संघाशी सामना खेळण्यास जर्मन संघटनेने आपल्या संघांना मनाई केली होती. पुश्काशने लेखी दिलगिरी व्यक्त केल्यावरच हा सामना होऊ शकला. १९६२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील अंतिम सामन्यात त्याने पूर्वार्धातच तीन गोल केले. तरीही पोर्तुगालच्या बेन्फिका संघाने ५–३ असा विजय मिळविला. विशीतील यूसेबिओने त्यात दोन गोल केले. कोचिश व त्सिबोर या दोघांनाही बार्सेलोना संघात आश्रय मिळाला होता. १९६१ च्या यूरोपीय अंतिम सामन्यात दोघांनीही गोल केले. परंतु बर्नच्या त्याच मैदानावर आणि ३–२ याच गोलसंख्येने त्यांना पुन्हा पराभव पत्करावा लागला.

स्पेनच्या साखळी स्पर्धेत पुश्काशने १८० सामन्यांत १५६ गोल केले. १९५९-६०, १९६०-६१, १९६२-६३ व १९६३-६४ या चार मोसमांत तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. १९६१ ते १९६५ अशी सलग पाच वर्षे रेआलने साखळी अजिंक्यपद मिळविले. १९६२ च्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात सेव्हियाविरुद्धचे दोन्ही विजयी गोल त्याचेच होते. हे सारे यश एकतिसाव्या वर्षानंतरचे आहे. १९६५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, नेदर्लंड्सच्या फेयेनूर्ड संघाविरुद्ध यूरोपीय चषकाच्या एकाच सामन्यात त्याने चार गोल केले. १९६६ मध्ये रेआलने सहाव्यांदा यूरोपीय चषक जिंकला, त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

स्पॅनिश नागरिकत्व मिळाल्यावर तो स्पेनच्या राष्ट्रीय संघातूनही चार सामने खेळला. त्यांपैकी तीन १९६२ च्या चिलीमधील विश्वकरंडक स्पर्धेतील होत. एकाही सामन्यात त्याला गोल करता आला नाही व स्पेन पहिल्याच फेरीत बाद झाला. परदेशातील संघ त्याला आपलासा करू शकला. परंतु बोझिक, कोचिश, हिदेग्कुती यांच्यासह वर्षानुवर्षे घडलेल्या राष्ट्रीय संघाची जागा नव्या राष्ट्रीय संघाला घेता आली नाही. एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूने दुसऱ्या देशाकडून खेळण्यावर फिफाने पुढे कडक निर्बंध घातले.

पुश्काश बुटका, आडव्या बांध्याचा व जवळजवळ केवळ डाव्या पायाने खेळणारा होता. उजवा पाय तो क्वचितच वापरी. हेडिंगमध्ये त्याला विशेष गती नव्हती. ते काम कोचिशचे. त्याचे सामर्थ्य तीन गोष्टींत होते : अल्पशा हालचालीत मारलेला जोरकस व अचूक फटका, चेंडूवरील निकट ताबा आणि प्रतिस्पर्ध्याचे पुढचे पाऊल आधी ओळखण्याची बुद्धी. धावण्याच्या वेगावर त्याचा खेळ अवलंबून नव्हता. म्हणूनच वयाबरोबर तो ओसरला नाही.

निवृत्तीनंतर त्याने अनेक देशांत प्रशिक्षक म्हणून काम केले. अमेरिका, कॅनडा, स्पेन, ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, ईजिप्त, पॅराग्वाय व ऑस्ट्रेलिया या देशांतून तो फिरला. हंगेरीत मात्र त्याला प्रवेश नव्हता. अथेन्सच्या पानाथिनाइकोस संघाला त्याने १९७१ मध्ये यूरोपीय चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत नेले. उपांत्य फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारकडून पहिला सामना १–४ असा गमावल्यावर या संघाने परतीचा सामना ३–० असा जिंकला. अंतिम सामना वेम्ब्लीवर झाला व त्यात आयाक्सने २–० असा विजय मिळविला. या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा दुसरा ग्रीक संघ झालेला नाही. १९९१ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली साउथ मेलबर्न हेलास या संघाने ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्रशिक्षक झालेला आंजे पोस्टेकोग्लू हा त्या संघाचा कर्णधार होता.

देश सोडल्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९८१ मध्ये, पुश्काश प्रथम हंगेरीत आला व जुन्या खेळाडूंच्या एका प्रदर्शनीय सामन्यात खेळला. बोझिक मात्र १९७८ मध्येच निधन पावला होता. साम्यवादी राजवट १९८९ मध्ये संपल्यावर पुश्काश बूडापेस्टला कायमचा परतला. १९९३ मध्ये अल्पकाळ, चार सामन्यांपुरता, तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. अखेरची काही वर्षे तो स्मृतिभ्रंशाच्या विकाराने (अल्झायमर) ग्रस्त होता. बूडापेस्ट येथे त्याचे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्यविधी होऊन त्याचे दफन सेंट स्टीफन बॅसिलिका या चर्चमध्ये करण्यात आले. ज्याला फरारी ठरविले, त्यालाच राष्ट्राने अखेर आपल्या सर्वोच्च स्मरणस्थानी जागा दिली. बूडापेस्टच्या राष्ट्रीय क्रीडांगणास २००२ मध्ये, त्याच्या हयातीतच, त्याचे नाव देण्यात आले होते. त्याच जागी उभारलेले नवे क्रीडांगण २०१९ मध्ये खुले झाले व त्यालाही ‘पुश्काश आरेना’ हेच नाव आहे. वर्षातील सर्वोत्कृष्ट गोलासाठी फिफाने २००९ पासून ‘पुश्काश पुरस्कार’ सुरू केला.

दोन्ही देशांतील सर्वोच्च श्रेणीच्या साखळी स्पर्धांत मिळून पुश्काशने पाचशेहून अधिक गोल केले. परंतु त्याच्या चरित्राचे महत्त्व आकड्यांपुरते नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास खेळाडू हा संघाची, संघटनेची व प्रसंगी राज्याची मालमत्ता मानला जाई. करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याचा खेळाडूचा हक्क यूरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये बोस्मान खटल्याच्या निकालात मान्य केला व त्यानंतर परदेशी जाऊन खेळणे यूरोपात नित्याचे झाले. पुश्काशच्या काळी त्यासाठी देश, हुद्दा, राष्ट्रीय संघ व खेळाच्या उमेदीतील दीड वर्ष, एवढी किंमत मोजावी लागली. मायदेशी परतलेल्या त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारची किंमत मोजली. जगातील एक सर्वश्रेष्ठ संघ १९५६ च्या हिवाळ्यात असा विखुरला आणि तशा तोडीचा संघ हंगेरीला पुन्हा उभा करता आला नाही.